पक्षाची पावती फाडावी का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचा तास संपवून मी स्टाफरूमकडे वळलो, तो दाराशी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी. हातात कार्बन घातलेले एक लांबट पावतीपुस्तक. मला वाटले, गॅदरिंगची वर्गणी असेल. म्हणून खिशात हात घातला. ती म्हणाली, "वर्गणी नाही सर. सभासद नोंदणीचं आहे."

एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने तिला आपल्या कॉलेज शाखेत घेतले होते आणि पन्नास पावत्यांचे एक पुस्तक तिच्या स्वाधीन केले होते. पहिली पावती तिने स्वतःच्या नावाने फाडली. उरलेल्या एकोणपन्नास कोऱ्याच होत्या. कारण त्याच संध्याकाळी ती पहिली पावती घरी वडिलांच्या हाती लागली. वडील एस.टी.त वाहक. उमेदीची सारी वर्षे तिकिटे फाडण्यात घालवलेल्या त्या माणसाने पावती उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच म्हटले, "पुस्तक परत करून ये. राजकारण हे पोट भरलेल्यांचं काम आहे."

"तुम्ही काय म्हणता, सर?" तिने विचारले.

मास्तर माणसाला असा अवघड प्रश्न कुणी विचारला, की पुढच्या तासाची घंटा झाली का, हे तो आधी कान देऊन ऐकतो. मीही तेच केले. "उद्या सांगतो," म्हणालो. उद्याचे परवा झाले. मनात मात्र प्रश्न राहिला, कारण तो माझाही होता. मी त्याचे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वी एकदा देऊन चुकलो आहे. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी याच वर्षी कॉलेजात गेली असेल. कदाचित तुम्ही स्वतःच गेला असाल. तुमच्याही हाती असे पुस्तक आज ना उद्या येईल. म्हणून त्या मुलीला जे सांगितले ते जरा सविस्तर तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक खुलासा. या संघटनेचे नाव मी सांगणार नाही आणि मी स्वतः ज्या संघटनेत होतो तिचेही नाही. आकाशवाणीचा संकेत आहेच. पण माझे स्वतःचेही एक कारण आहे. नाव उच्चारले, की निम्मे वाचक मान डोलावतील आणि निम्मे पान उलटतील. मी जे सांगणार आहे ते कोणत्याही रंगाच्या झेंड्याखाली घडू शकते. निरनिराळ्या झेंड्यांखाली ते घडलेले मी पाहिलेही आहे.

'शिकायच्या दिवसांत राजकारण नको' हा उपदेश फार जुना आहे. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे त्याची वंशावळ मला ठाऊक आहे. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजातल्या सावरकर नावाच्या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले. शिक्षा देणारे प्राचार्य कुणी मागासलेले गृहस्थ नव्हते. ते केंब्रिजला गणितात अव्वल आलेले रँग्लर परांजपे होते. म्हणजे उपदेश करणारा नेहमी भित्राच असतो असे नाही; चांगली, शहाणी माणसेही तो करतात. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९२९ मध्ये, त्याच पुण्यात पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. त्यात एस. एम. जोशी होते, ना. ग. गोरे होते, वय एकाचे पंचवीस, दुसऱ्याचे बावीस. त्यांना विरोध करायला इंग्रज सरकारची पोलीस चौकी लागली नाही. गावातलीच वडीलधारी मंडळी पुरली.

पुढे १९३६ च्या ऑगस्टमध्ये लखनौला अखिल भारतीय विद्यार्थी परिषद भरली. तिचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि अध्यक्षस्थानी होते बॅरिस्टर जीना! अकरा वर्षांनी ते दोघे कुठे होते, हे तुम्हांला सांगायला नको. स्वातंत्र्य आले आणि एक गंमत झाली. कालपर्यंत जे पुढारी 'शाळा-कॉलेजे सोडून बाहेर या' म्हणत होते, तेच आता 'मुलांनो, वर्गात जा' म्हणू लागले. यात ढोंग होते असे मी म्हणणार नाही. परके सरकार गेले, आपले आले. मग भांडण कुणाशी? असा तो सरळ हिशेब होता. परंतु मुलांची भांडणे काही केवळ सरकार परके आहे म्हणून होत नसतात. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहातल्या जेवणाचे दर वाढले. भांडण सुरू झाले ते वरण-भाताच्या ताटावरून. फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला! ताटापासून मंत्रालयापर्यंतचे अंतर पोरांनी दोन महिन्यांत कापले.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक विसंगती पाहा. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. मार्च १९८९ पासून ते लागू झाले. म्हणजे बारावी झालेला मुलगा लोकसभेसाठी मत देऊ लागला. पाचच वर्षांनी, १९९४ साली, आपल्या राज्यात विद्यापीठांचा नवा कायदा झाला आणि त्याच मुलाचे वर्गप्रतिनिधी निवडण्याचे मत गेले! आदल्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर प्राचार्यांनी वर्गप्रतिनिधी नेमायचा असे ठरले. देशाचा पंतप्रधान कोण व्हावा हे ठरवायला तो लायक, एस.वाय.बी.ए.च्या वर्गाचा प्रतिनिधी कोण व्हावा हे ठरवायला नालायक! अर्थात असे का झाले, तेही सांगितले पाहिजे. ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या निवडणुकांत पैसा आला, हॉकीच्या काठ्या आल्या, एकदोन ठिकाणी रक्त सांडले. आईबाप धास्तावले. जखम झाली खरी. परंतु औषध म्हणून हातच कापला गेला, असे माझे मत आहे. तुमचे निराळे असू शकेल.

मी कॉलेजात गेलो तो या नव्या कायद्याच्या काळात. संघटनेत मी तत्त्वाने गेलो, असे सांगायला मला आवडले असते. मी गेलो जीपने.

त्याचे असे झाले. एफ.वाय.ला मला बरे मार्क पडले, म्हणून एस.वाय.ला मी वर्गप्रतिनिधी नेमला गेलो. या नेमलेल्या प्रतिनिधींनी आपल्यातून एक सचिव निवडायचा असे. तेवढी एकच निवडणूक कायद्याने शिल्लक ठेवली होती, आणि गावातले दोन्ही गट जणू सारी भूक तेवढ्या एका निवडणुकीवर भागवीत. मतदानाच्या दोन दिवस आधी रात्री आठच्या सुमारास वसतिगृहापुढे जीप उभी राहिली. "चल, जेवायला जाऊ," आमच्या वरच्या वर्गातला एक दादा म्हणाला. ढाब्यावर जेवलो. परतीला जीप गावाकडे वळलीच नाही. आम्ही सातजण होतो. थंड हवेच्या एका गावी एका लॉजवर आम्हांला ठेवले. पळवून नेले म्हणावे, तर कुणी बोटही लावले नव्हते. पाहुणचार म्हणावा, तर खाली पान खायला जायलासुद्धा बरोबर माणूस असे. तिसऱ्या दिवशी सकाळी थेट मतदानाच्या खोलीच्या दाराशी उतरवले. मतदान गुप्त होते म्हणे! कुणाला करायचे ते आम्हां सातांनाही ठाऊक होते आणि जीपच्या ड्रायव्हरलाही.

लॉजवरच्या त्या दोन रात्रींत त्या दादाने आम्हांला बरेच काही ऐकवले. पक्षाचा इतिहास, शेतमालाचे भाव, शिक्षणाचे खासगीकरण. माणूस वाचलेला होता. माझ्या घरी शेती. वडिलांना बाजारात कापसाचे काय मिळते ते मी डोळ्यांनी पाहत आलो होतो. पण त्या भावामागे काही धोरण असते, कुणी बसून ते ठरवते आणि ते बदलताही येते, हे मला प्रथम कळले ते त्या लॉजच्या गादीवर. जीपचे पैसे कुणी दिले, हा प्रश्न मी विचारला नाही. तो विचारायला हवा होता. परंतु तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि माझ्याशी कुणी मोठ्या माणसासारखे बोलत होते.

सचिव आमचा झाला. मी शाखेत राहिलो.

शाखा म्हणजे काय, याविषयी बाहेर मोठ्या विलक्षण कल्पना असतात. आमची शाखा म्हणजे कँटीनमागच्या लिंबाखाली दर शनिवारी चार वाजता जमणारी बारा-चौदा पोरेपोरी. पैकी तिघे नियमित उशिरा येत. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर जितका वेळ जाई, तितका देशाच्या प्रश्नांवर जात नसे. कामे म्हणाल, तर अशी: खेड्यांवरून येणाऱ्या मुलांना एस.टी.च्या पासासाठी बोनाफाईड दाखले वेळेवर मिळतात का ते पाहणे, परीक्षेचा फॉर्म भरायला ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची मुदत वाढवून घेणे, वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवा म्हणून अर्ज देणे. सुटीत तीन दिवसांचा अभ्यासवर्ग; एखाद्या शाळेत सतरंज्यांवर झोपायचे, सकाळी बौद्धिक ऐकायचे, दुपारी डुलक्या घ्यायच्या आणि रात्री खऱ्या चर्चा करायच्या.

एका भागातली सकाळची गाडी पहिला तास संपल्यावर पोचत असे. तिच्यातून येणाऱ्या तीसएक मुलांचा पहिला तास रोजच बुडे. आम्ही आगारप्रमुखांना अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. तेव्हा आमच्यातल्या एकीने आम्हांला शिकवले, की अर्ज नुसता देऊन यायचे नसते; दुसरी प्रत न्यायची, तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा आणि पुढच्या वेळी तो क्रमांक घालून लिहायचे. ही मुलगी आमच्याहून एका वर्षाने पुढे होती. आम्ही सगळे तिला ताई म्हणत असू. तिसऱ्या अर्जात आम्ही आवक क्रमांक घातला, मुलांच्या सह्या जोडल्या, गावांची नावे आणि प्रत्येक थांब्याची वेळ लिहिली. महिन्याभराने गाडी चाळीस मिनिटे अलीकडे सुटू लागली. पुढे आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी सह्या केल्या; पण माझ्या सहीने काही हलले असे मला छातीठोकपणे सांगता येते, ते त्या गाडीपुरतेच.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात अर्ज, आवक, पोच, ठराव, सूचक, अनुमोदक हे शब्द असतातच. पण ते अंगात मुरतात ते अशा लिंबाखाली. चाळीस माणसांपुढे उभे राहून पाय न लटपटता तीन मिनिटे बोलणे, विरुद्ध बोलणाऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून मग उत्तर देणे, सभा चालवणे, इतिवृत्त लिहिणे. माझे अक्षर चांगले म्हणून इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्या अक्षरानेच पुढे घात केला.

टी.वाय.ला असताना मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती फेब्रुवारी उजाडला तरी आली नव्हती. मुलांचे फार हाल होत होते. खानावळीची उधारी थकलेली, परीक्षेचा फॉर्म भरायचा, घरी मागायची सोय नाही. कॉलेजच्या ऑफिसात हे काम एका कारकुनाकडे असे. माणूस तुसडा, खिडकीवर गेले, की "नंतर या" हे त्याचे पालुपद. कुजबुज सुरू झाली, की पैसे आले आहेत आणि हाच दाबून बसला आहे. शाखेच्या बैठकीला त्या आठवड्यात जिल्ह्याचे एक कार्यकर्ते आले. म्हणाले, "काहीतरी गरम काढा. गाव पेटलं पाहिजे." महिन्यावर नगरपालिकेची निवडणूक होती, हे मला तेव्हा ठाऊक होते, त्याचा आमच्या पत्रकाशी संबंध आहे, हे कळले नव्हते. किंवा कळून घेतले नव्हते, असे म्हणू या.

पत्रक मी लिहिले. मजकूर माझा, अक्षर माझे. कारकुनाचे नाव घालून वर 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा' असा मथळा दिला. झेरॉक्सच्या दुकानातून तीनशे प्रती काढल्या आणि रात्रीतून भिंतींवर चिकटवल्या. सकाळी पोरे गर्दी करून वाचत होती. कुणीतरी म्हणाले, "भाषा काय जबरदस्त आहे!" खोटे कशाला बोलू, मला त्या दिवशी फार बरे वाटले.

चार दिवसांनी माझ्याच फी-सवलतीच्या कामासाठी मी ऑफिसात गेलो. तो कारकून जागेवर नव्हता. दुसऱ्याने जावक नोंदवही उघडी टाकली होती. त्यात ऑक्टोबरातली नोंद होती: शिष्यवृत्तीची यादी, विद्यार्थ्यांची संख्या, जावक क्रमांक, तारीख. त्याखाली डिसेंबरातले स्मरणपत्र. जानेवारीतले दुसरे. त्या माणसाने आपले काम केले होते. पैसे वरूनच आले नव्हते. खिडकीवर तो तुसडेपणाने बोले, एवढाच त्याचा गुन्हा.

शनिवारच्या बैठकीत मी ताईला हे सांगितले. तिने उभे राहून सरळ ठराव मांडला: आपली चूक झाली असे दुसरे पत्रक काढावे आणि पहिले लावले तिथेच ते लावावे. जिल्ह्याचे ते कार्यकर्ते हजर होते. ते हसले. रागावले असते तर बरे झाले असते. म्हणाले, "ताई, संघटना माफी मागत नसते. मागितली, की संपली. आणि या दिवसांत तर मुळीच नाही." मग हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूने एक हात, तिचा. विरुद्ध बारा. चौदावा मी. माझा हात वर गेला नाही, कारण तो इतिवृत्ताच्या वहीवर होता. नोंदवही डोळ्यांनी पाहिलेला त्या झाडाखाली मी एकटा होतो. आणि मी लिहिले, 'ठराव बहुमताने फेटाळण्यात आला.' सुवाच्य अक्षरात.

पुढच्या आठवड्यात ताईने आपले पावतीपुस्तक आणून दिले. फाडलेल्या पावत्या, उरलेल्या पावत्या आणि जमलेले पैसे, सगळे रुपयापर्यंत जुळलेले. काही बोलली नाही. पत्रके भिंतींवर उन्हापावसाने झडेपर्यंत राहिली. शिष्यवृत्ती मार्चअखेरीस आली. कारकुनाची बदली दुसऱ्या विभागात झाली. संस्थेने चौकशी केली नाही आणि आम्हीही विचारले नाही.

दहा-बारा वर्षांनी मला तो बसस्थानकावर भेटला. निवृत्त झाला होता. मी नोकरीला लागलो होतो. मीच पुढे होऊन ओळख दिली आणि अडखळत पत्रकाचा विषय काढला. तो म्हणाला, "माहीत होतं की. तुमचा फी-सवलतीचा फॉर्म माझ्याच टेबलावर होता. अक्षर तेच." मी विचारले, "मग फॉर्मचं काय केलंत?" म्हणाला, "काय करणार? शेवटची तारीख होती. पाठवला." त्याच्या मनात राग होता की नव्हता, मला कळले नाही. त्याची गाडी लागली होती.

तुम्ही म्हणाल, मग तुमचे उत्तर ठरले. नकोच ती भानगड. त्या मुलीच्या वडिलांचेच खरे. माझे तसे मत नाही. का, ते सांगतो.

मी शाखेत नसतो, तर ते पत्रक निघाले नसते काय? निघालेच असते, अक्षर जरा वाईट असते, एवढेच. बारा हात वर गेलेच असते. जी माणसे 'आपल्याला काय करायचे' म्हणून पहिला तास करून सरळ घरी जात, त्यांच्यातला एकही जण त्या कारकुनाच्या बाजूने उभा राहिला नव्हता. उभी राहिली ती शाखेतलीच एक मुलगी. संघटना चुकते तेव्हा तिला आतून अडवायला माणूस लागतो. बाहेरून तिला नावे ठेवणारे काय, पैशाला पासरी मिळतात. त्या झाडाखाली दोन हात वर गेले असते, तर कदाचित तिसराही गेला असता. माझी चूक पावती फाडण्यात नव्हती. ती त्या शनिवारी झाली.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर, फार भयंकर रीतीने आपण पाहिलेली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामांतराच्या बाजूने विद्यार्थी होते, तसे विरोधातही विद्यार्थीच होते. कृती समित्या, मोर्चे, बंद सगळे कॉलेजांतून निघत होते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, साडेपंधरा वर्षे. वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना विचारतो, की त्या वेळी त्या समित्यांच्या बैठकीत तुम्ही असता तर? वर्ग गप्प बसतो. मला ती शांतता आवडते. पुढचे मी शिकवत नाही.

पण नुसते 'आत जा आणि सत्य बोला' असे सांगून एखाद्या वाहकाच्या मुलीला पाठवून द्यायचे, हाही शहाजोगपणाच झाला. काही गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. संघटनेची लिखित घटना मागा. ती नाही असे म्हणाले, किंवा "घटना कशाला, मी आहे ना," असे कुणी म्हणाले, तर पुस्तक तिथेच ठेवून या. शाखेचा अध्यक्ष तुम्ही निवडता, की वरून नेमणुकीचे पत्र येते, ते विचारा. आणि जीप कुणाची, हा प्रश्न माझ्यासारखा गिळू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी मान्य केल्या. त्यांत विद्यार्थी उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा आहे, राजकीय पक्षाचा पैसा घ्यायला बंदी आहे, हाताने तयार केलेलीच पोस्टर्स वापरावीत असे आहे आणि वर्गात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. शेवटची अट वाचून पुष्कळ पुढारी गळतात. एकूण विद्यार्थी निवडणुका राजकीय पक्षांपासून दूर ठेवाव्यात, असेही त्या समितीने म्हटले. ते मला कधी पुरते पटले नाही. पक्ष उघड दारातून आला, तर त्याला प्रश्न विचारता येतो. मागच्या दाराने, जीपमध्ये बसून आला, तर विचारता येत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांचा निवडणूक आयोग विद्यार्थ्यांचाच असतो आणि अध्यक्षपदाचे उमेदवार रात्री भर सभेत एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. तिथेही भांडणे होतात. परंतु कोण कुणाचा आहे, ते सर्वांना दिसत असते.

आपल्याकडे २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष मत कागदावर परत आणले. २०१९ मध्ये निवडणुका घेण्याचे जाहीरही झाले. त्या पुढे ढकलल्या गेल्या, पाठोपाठ करोनाची साथ आली. कायदा होणे आणि मुलाच्या हातात मतपत्रिका पडणे, यांत किती पावसाळे जातात, त्याचा हा नमुना.

राहिली केसची गोष्ट, आणि वडिलांच्या मनातली खरी भीती हीच असते. जमावबंदी असताना मोर्चा काढला, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ आणि १३५ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. पूर्वी त्याला भारतीय दंड संहितेचे १४३ आणि १८८ जोडत. जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, कलमांचे आकडे बदलले, मोर्चे तेच आहेत. आंदोलनातले असे गुन्हे सरकार मधूनमधून मागे घेते; परंतु त्याला वर्षे लागतात, आणि दरम्यान नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी आली, पासपोर्ट आला, की तो कागद पुढे येतो. पुढाऱ्याच्या मुलाचा कागद लवकर निकालात निघतो. वाहकाच्या मुलीचा निघेलच असे नाही. म्हणून मोर्चाला परवानगी आहे का, हे विचारण्यात भित्रेपणा नाही. परवानगी नसताना जायचे ठरवले, तर ते ठरवून जावे. मैत्रिणी निघाल्या म्हणून जाऊ नये. आणि फॉर्मवर गुन्ह्याविषयी विचारले असेल, तर लपवू नये. लपवणे मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडते.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले. पत्रकाची गोष्टही सांगितली. वर्गात कधी सांगितली नव्हती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, हे बाबांना तुम्हीच सांगा."

दोन दिवसांनी ते आले. ड्यूटी संपवून थेट आलेले, अंगावर खाकी, काखेत कॅशची बॅग. खुर्चीवर बसा म्हटले तरी टोकावर बसले. मी त्यांना केसचे सगळे जसे आहे तसे सांगितले, रंग न चढवता. ते मान हलवत होते. मग म्हणाले, "ते कळलं सर. पण हे जे पावतीचे पैसे जमतात, त्याचा हिशेब कोण ठेवतं?"

"तिच्या पुस्तकाचा तीच ठेवते," मी म्हणालो.

"रोजच्या रोज?"

ते मला ठाऊक नव्हते. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "महिन्याने द्यायचा असतो."

"महिन्याने नाही," ते तिच्याकडे वळून म्हणाले. "आमच्यात एक रुपया कमी आला, तर त्याच रात्री खिशातून भरावा लागतो. पुस्तक ठेव. पण रात्री जेवायच्या आधी पावत्या आणि पैसे माझ्यासमोर मोजायचे."